उसना उजेड

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कुरुंद्याचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते बहुतेक एका आडनावामुळे. नरहर कुरुंदकर जन्मले नांदापूरला, १९३२ साली, आयुष्य गेलं नांदेडात. पण आडनावात गाव आमचंच राहिलं. बाहेरगावी कविसंमेलनाला गेलो आणि गाव सांगितलं, की लोक गुरुजींविषयी विचारतात. माझ्या कवितेविषयी फारसं कुणी विचारत नाही. त्याची तक्रार नाही.

दुसरी ओळख हळदीची. कुरुंदा, वसमत हा सगळा पट्टा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या घराचे उंबरे, अंगणं आणि तळहात पिवळेच आहेत. माझे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही भाईजान म्हणतो, ते वसमतच्या मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहायचे. नोटाबंदीनंतरच्या हंगामात त्या आडतीवर नोटा तपासायचं एक छोटं यंत्र आलं. त्यात जांभळट दिवा असतो. खरी नोट त्याखाली धरली की तिच्यातले बारीक धागे आणि आकडे चमकतात. मी भेटायला गेलो होतो, तर भाईजान म्हणाले, ‘नोट राहू दे, हे बघ.’ त्यांनी आपला तळहात दिव्याखाली सरकवला. दिवसभर हळकुंडांच्या ढिगात वावरलेला हात. हाताच्या रेषारेषांतून पिवळा उजेड पेटला. दिवा जांभळा आणि हात पिवळा!

‘हे कसं काय?’ मी विचारलं. भाईजान म्हणाले, ‘तू बीए झालास ना, तूच सांग.’

बीएला हे नव्हतं. पण भाईजानची मुलगी, माझी पुतणी, नांदेडला जैवतंत्रज्ञान शिकत होती. तिनं मला जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचत गेलो, त्यातून एक मोठा इतिहास हाती लागला. तो आज सांगणार आहे.

आधी एक फरक सांगतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला काजवे चमकतात. काजव्याचा उजेड त्याचा स्वतःचा. त्याच्या पोटात रसायनांची क्रिया होते आणि प्रकाश निघतो. हळदीचं तसं नाही. अंधाऱ्या खोलीत हळद काळीच. तिच्यावर आधी कुणीतरी प्रकाश टाकायचा, तो ती गिळते आणि क्षणार्धात दुसऱ्याच रंगाचा प्रकाश परत देते. गिळण्याला म्हणायचं उद्दीपन, परत देण्याला उत्सर्जन. परत दिलेला प्रकाश जवळजवळ नेहमी घेतलेल्यापेक्षा कमी ताकदीचा असतो. गिरणीत पायलीभर ज्वारी टाकली तर पायलीचं पीठ हाती येत नाही, थोडं जात्यातच राहतं. तसंच. जांभळ्याची ताकद जास्त, निळ्याची त्याहून कमी, मग हिरवा, पिवळा, आणि तांबडा सगळ्यात दुबळा. म्हणून जांभळा घेऊन पिवळा देता येतो. पिवळा घेऊन जांभळा द्यायचा तर पदरचं घालावं लागेल.

हा नियम ज्यानं पक्का केला तो जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स, आयर्लंडात जन्मलेला, केंब्रिजचा गणिती. साल १८५२, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावायला अजून वर्ष होतं. स्टोक्सनं खोली अंधारी केली, खिडकीच्या फटीतून उन्हाची तिरीप घेतली, लोलकातून तिचे रंग फाकवले आणि कुनैनच्या पाण्याची नळी एकेका रंगातून पुढे नेली. तांबड्यात काही नाही, हिरव्यात काही नाही. जांभळा संपला, त्याच्यापुढे डोळ्याला नुसता अंधार, आणि तिथे नळी निळी पेटली. म्हणजे त्या अंधारात प्रकाश होता, आपल्यालाच दिसत नव्हता. फ्लोरस्पार नावाच्या खनिजावरून त्यानं या गुणाला ‘फ्लोरेसन्स’ हे नाव दिलं. आपण मराठीत प्रतिदीप्ती म्हणतो. त्यानं त्या काळात किती तरी पदार्थ तपासले: पानांतला हिरवा रस, धोत्र्याचं बी, आणि हळदही. हे वाचलं तेव्हा मी उठून भाईजानना फोन केला, की तुमचा हात केंब्रिजला पावणेदोनशे वर्षांपूर्वी पोहोचलाय. ते म्हणाले, ‘भाव काय लागला?’

कुनैनही आम्हाला परकं नाही. हिवतापाच्या दिवसांत आमच्या आजोबांच्या पिढीनं त्या कडू गोळ्या पाण्यासारख्या खाल्ल्या.

आता या गोष्टीचा खरा नायक. ओसामु शिमोमुरा. १९२८ साली जपानात जन्म. युद्धाच्या दिवसांत घर नागासाकीजवळच्या इसाहाया गावी आलं होतं आणि शाळकरी पोरांना कारखान्यात राबवलं जात होतं. ९ ऑगस्ट १९४५ला ओसामु सोळा वर्षांचा. सकाळी त्यानं विमान पाहिलं, पांढऱ्या हवाईछत्र्या उतरताना पाहिल्या, तो आत येऊन कामाच्या तिवईवर बसला, आणि खिडकीतून असा लख्ख उजेड आला की अर्धा मिनिट त्याला काही दिसेना. मग आवाज आला. अंतर होतं सुमारे १५ किलोमीटरचं. संध्याकाळी घरी चालत जाताना काळा पाऊस पडला, पांढरा सदरा काळा झाला. आजीनं घरात येताच त्याला न्हाऊ घातलं. त्या न्हाण्यानंच कदाचित आपण वाचलो, असं तो म्हातारपणीही सांगत असे.

मी कवी आहे, म्हणून इथे जरा थांबतो. उर्दूत प्रकाशाला ‘नूर’ म्हणतात आणि आमच्या घरात तो शब्द फार अदबीनं उच्चारला जातो. पण तो उजेड? त्याला काय म्हणायचं? मला शब्द सापडलेला नाही. त्या उजेडानं आंधळा झालेला पोरगा पुढे आयुष्यभर मंद, थंड, कुणाला न भाजणाऱ्या उजेडामागे गेला, एवढीच नोंद करतो. त्यानं ते ठरवून केलं असंही नाही. शिकायचं म्हणून जे कॉलेज मिळालं ते औषधनिर्माणाचं, आणि तेही उद्ध्वस्त नागासाकीतून त्याच्या गावाजवळ हलवलेलं, म्हणून मिळालं.

१९५५ साली तो नागोयाला प्राध्यापक हिराता यांच्याकडे गेला. त्यांनी समुद्रातल्या एका चिमुकल्या, निळ्या चमकणाऱ्या जीवाची वाळवलेली पूड समोर ठेवली आणि सांगितलं, याच्यातला चमकणारा पदार्थ शुद्ध करून स्फटिक काढ. अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगशाळेला वर्षानुवर्षं जमलं नव्हतं. शिमोमुराला दहा महिने लागले. एका रात्री वैतागून त्यानं उरलेल्या द्रावात आम्ल ओतलं आणि झोपायला गेला. सकाळी तळाशी स्फटिक. या कामावर त्याला डॉक्टरेट मिळाली, तो तिथला नोंदलेला विद्यार्थी नसतानाही. हिरातांचं मोठेपण असं, की आपण विषय किती अवघड दिला आहे हे त्यांनी त्याला आधीच सांगितलं होतं.

त्या कामामुळे प्रिन्स्टनच्या फ्रँक जॉन्सन यांनी बोलावून घेतलं. १९६१च्या उन्हाळ्यात ही मंडळी मोटारीनं अख्खी अमेरिका ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर, फ्रायडे हार्बरला गेली. तिथे धक्क्याला लागून जेलीफिशचे थवे यायचे. जाळीनं पकडायचे, कात्रीनं कडेची चकती कापायची, फडक्यातून पिळायची. चकाकणारा पदार्थ त्या कडेत. पण पिळला की चमक विझायची आणि शुद्ध करायला हाती काही उरायचं नाही. शिमोमुरा विचार करायला एकटाच होडीत जाऊन पडायचा. शेवटी त्यानं द्राव आम्लधर्मी करून चमक थोपवली. काम झालं म्हणून उरलेला द्राव मोरीत ओतला, तर मोरीत निळा लोळ उठला! मोरीत मत्स्यपेटीतलं समुद्राचं पाणी येत होतं, आणि समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम. चमक चालू करणारी किल्ली कॅल्शियमची होती. त्या उन्हाळ्यात सुमारे १० हजार जेलीफिश कापून हाती आलं काही मिलिग्रॅम. पुढच्या वर्षांतले उन्हाळे धरले, बायको आणि दोन्ही मुलांनी पकडलेले धरले, तर त्यांचा हिशेब साडेआठ लाखांवर जातो.

या निळ्या चमकीवरचा निबंध १९६२ला छापून आला. त्यात एका तळटिपेत एक गोष्ट जाता जाता सांगितली होती: या द्रावाबरोबर आणखी एक प्रथिन मिळालं, ते अतिनील दिव्याखाली हिरवं दिसतं. इतिहास पुष्कळदा तळटिपेत बसलेला असतो. जिवंत जेलीफिश हिरवा चमकतो आणि त्याचा अर्क निळा, हे कोडं त्या तळटिपेत सुटत होतं. पहिलं प्रथिन काजव्यासारखं, स्वतः निळं पेटणारं. दुसरं हळदीसारखं, ते शेजाऱ्याची निळी ऊर्जा उसनी घेऊन हिरवी करून देतं.

योगायोग सांगतो. त्याच १९६२ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, कुरुंदकर गुरुजींच्याच वर्षी, १९३२ला जन्मलेले, सरोद वाजवणारे. त्यांनी पुढे फळमाशीला वास आणि चव कशी कळते यावर काम केलं, बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारलं, २०१३ साली गेले. फळमाशीच्या डोक्यातली एकेक पेशी हिरवी करून पाहणं आज शास्त्रज्ञांच्या रोजच्या कामातलं आहे. ती हिरवाई त्या तळटिपेतली.

हे हिरवं प्रथिन आहे तरी काय? आमच्या अब्बांच्या तसबीहीत ९९ मणी होते. या प्रथिनाच्या माळेत २३८ मणी आहेत, अमिनो आम्लांचे. माळ घडी घालून कणगीसारखी होते. ११ पट्ट्यांची विणलेली कणगी. तिच्या पोटात ६५, ६६ आणि ६७ क्रमांकाचे मणी एकमेकांत गुंततात आणि त्यांचाच रंगद्रव्याचा गाभा बनतो. बाहेरून काही लागत नाही, फक्त हवेतला प्राणवायू. कणगीत धान्य कोरडं राहावं तसा तो गाभा आत सुरक्षित राहतो. मूळ प्रथिन ३९५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश सगळ्यात जास्त गिळतं, ४७५चा निळा त्याहून कमी, आणि ५०९च्या आसपास हिरवा देतं. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या डोळ्याचा प्रांत साधारण ४०० ते ७००.

इथून गोष्ट एका दुसऱ्या माणसाकडे जाते, आणि मला सगळ्यात जास्त छळतो तो हाच. डग्लस प्रॅशर. हे प्रथिन बनवण्याची कृती, म्हणजे त्याचं जनुक, जेलीफिशमधून वेगळं काढून वाचायचं त्यानं मनावर घेतलं. ते दुसऱ्या कुठल्याही जीवाच्या पेशीत ठेवलं, तर ती पेशी स्वतःच दिवा लावील, हा त्याचा विचार. बरेच जण हसत असणार, कारण जेलीफिशची आणखी मदत लागेल असंच सगळे धरून चालले होते. १९९२ला त्यानं जनुक छापलं. तोवर पैसे संपले होते, पुढचं अनुदान नाकारलं गेलं. त्यानं काय करावं? जनुकाचे नमुने दोघांना टपालानं पाठवले आणि तो दुसऱ्या नोकरीच्या शोधात निघून गेला. लपवून ठेवले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं.

त्या दोघांतला एक मार्टिन चॅल्फी. त्यानं ते जनुक आधी जिवाणूत घातलं, मग एका पारदर्शक कृमीच्या स्पर्शाच्या मज्जापेशींत. १९९४ साली ‘सायन्स’ नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर तो कृमी हिरवा पेटलेला दिसला. चॅल्फीच्या बायकोचे फळमाशीवरचे न छापलेले निष्कर्ष त्याला निबंधात वापरायचे होते. तिनं परवानगी दिली, पण अटींवर: शनिवारी सकाळची कॉफी, एक खास फ्रेंच जेवण आणि महिनाभर रोज रात्री कचरा टाकून येणं. संशोधनाचा इतका चोख करार मी दुसरा वाचलेला नाही.

दुसरा रॉजर चेन. लहानपणी दम्यामुळे घरात बसून रसायनांशी खेळणारा आणि रंगांचा वेडा. त्यानं मणी बदलायला घेतले. ६५वा मणी बदलला, तर दोन ठिकाणी गिळणारं प्रथिन एकाच ठिकाणी, ४८९च्या आसपास, भरभरून गिळू लागलं आणि कितीतरी उजळ झालं. ६६वा बदलला तर निळं. त्याच जागी तिसरा मणी घातला तर निळसर हिरवं. १९९६ला कणगीची रचना उलगडली, तेव्हा गाभ्याच्या शेजारी बसणारा २०३वा मणी दिसला. तो बदलला तर पिवळं, ५२७चं. एका मण्यानं रंग पालटतो! ओळीतला एक शब्द बदलला आणि कवितेचा रंग पालटला, हे आम्ही अनुभवतो, पण आम्हाला नॅनोमीटरमध्ये सांगता येत नाही.

तांबडा मात्र काही केल्या जमेना. तो १९९९ साली मॉस्कोच्या शास्त्रज्ञांना प्रवाळाच्या जातीच्या एका जीवात मिळाला. आणि चेनच्या मंडळींनी २००४ला त्यातून फळांच्या नावांची अख्खी टोपली भरली: केळं, संत्रं, टोमॅटो, स्ट्रॉबेरी, चेरी. चेरी ५८७चा प्रकाश घेते, ६१०चा देते. आमच्याकडचं कुणी असतं तर जांभूळही आलं असतं. इतके रंग कशाला? एका पेशीत चार गोष्टी एकाच वेळी चालतात. चौघांना चार रंगांचे फेटे बांधले तरच जत्रेत कोण कुठे गेला ते कळतं. कर्करोगाची पेशी शरीरात कशी पसरते हे मेलेल्या तुकड्यावर नाही, जिवंत उंदरात बघता येऊ लागलं.

८ ऑक्टोबर २००८ला रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं: शिमोमुरा, चॅल्फी, चेन. नोबेल एका विषयात तिघांपेक्षा जास्त जणांना देत नाहीत. चॅल्फीला फोन ऐकूच आला नाही, तो झोपला होता. आणि प्रॅशर? तो तेव्हा अलाबामा राज्यातल्या हंट्सविल गावी मोटारींच्या एका दुकानाची गाडी चालवत होता. दुरुस्तीला मोटार टाकलेल्या गिऱ्हाइकांना घरी सोडायचं काम. पगार तासावर. चॅल्फी आणि चेन यांनी त्याला सपत्नीक आपल्या खर्चानं स्टॉकहोमला नेलं. तो गेला, सोहळ्यात बसला आणि परत येऊन गाडी चालवू लागला.

आता भाईजानकडे येतो. दिव्याखाली हात धरून ते हसले होते, पण त्यांचं हसू डाव्या बाजूनंच येतं. १९९८ साली त्यांच्या उजव्या कानाखाली गाठ झाली. एका शहरातल्या इस्पितळात ती काढली. गाठ साधी निघाली, जीव वाचला, पण शुद्धीवर आले तेव्हा उजवा गाल हलेना, डोळा मिटेना. चेहरा हलवणारी नस त्या लाळेच्या ग्रंथीतूनच जाते आणि रक्तामांसात ती दोऱ्याइतकी बारीक. ओळखू येणं कठीण. डॉक्टरांनी तेच सांगितलं: ‘नस दिसली नाही.’ मी तेव्हा त्यांच्यावर फार संतापलो होतो. भाईजान नाही संतापले. पण त्या दिवसापासून त्यांनी फोटो काढून घेतलेला नाही, पोरीच्या लग्नातही नाही.

चेनचं शेवटच्या वर्षांतलं एक काम वाचताना मला ‘नस दिसली नाही’ हे तीन शब्द आठवत होते. २०११ला त्यानं आणि शल्यचिकित्सक क्वेन न्ग्युएन यांनी उंदरांवर दाखवलं, की एक चमकणारा रेणू शिरेतून दिला तर तो मज्जातंतूंना जाऊन चिकटतो आणि दिव्याखाली नसा उजळून दिसतात, सुरी लागायच्या आधी. तिथे जेलीफिशचं प्रथिन नाही, बाहेरून दिलेला रंग आहे. पण घ्यायचं आणि द्यायचं गणित तेच, स्टोक्सचं. तशा औषधाच्या चाचण्या पुढे माणसांवरही झाल्या, आणि त्या डोक्यामानेच्याच शस्त्रक्रियांत. चेन ते पाहायला राहिला नाही. २०१६ साली गेला. शिमोमुरा २०१८ला, नागासाकीतच.

हे सगळं मी एका संध्याकाळी भाईजानना ओसरीवर सांगितलं. पुतणीही बसली होती. मला वाटलं, नसांचं ऐकून ते काहीतरी बोलतील, निदान गालावर हात नेतील. त्यांनी हळदीचं दूध संपवलं, पेला खाली ठेवला आणि विचारलं, ‘तो गाडीवाला. त्याला पुढे काम मिळालं का?’

मिळालं, मी म्हणालो. आधी त्याच गावातल्या एका कंपनीत, आणि मग २०१२ साली चेननंच त्याला आपल्या प्रयोगशाळेत घेतलं.

‘चार वर्षांनी,’ भाईजान म्हणाले. आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस. मग पुतणीकडे वळून म्हणाले, ‘तू कुणाला काही पाठवलंस टपालानं, तर पावती जपून ठेव.’ आणि हसले, डाव्या बाजूनं.